आधी दोरा, मग रीळ, मग काठी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलं की दुकानदार सगळ्यात आधी काठी दाखवतो. साहजिकच आहे. काठी लांबलचक, चकचकीत, हातात धरली की आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारी. मग तो रीळ काढतो, त्याचं हँडल फिरवून मऊ आवाज ऐकवतो. आणि शेवटी, बिल करता करता विचारतो, "दोरा कुठला देऊ?" जणू भाजीवर घातलेली कोथिंबीर.

माझं म्हणणं असं की हा क्रम बरोबर उलटा आहे. आणि हे माझं मत नाही, इतिहासाचं आहे.

तर मंडळी, या वेळचा विषय जरा वेगळा. माझा एक भाचा नोकरीला लागलाय आणि पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला काढून त्याला जिगिंगचं सामान घ्यायचंय. "मावशी, तू ऊठसूट कशाचा ना कशाचा इतिहास शोधत असतेस, तर रॉड, रील आणि लाइन कुठली घेऊ ते सांग," असं त्याने विचारलं. मी स्वतः आयुष्यभर मासे फक्त बाजारात पकडलेत :-) पण प्रश्न डोक्यात राहिला, वाचत गेले, आणि जे सापडलं ते त्याच्याबरोबर तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आधी जिग म्हणजे काय ते सांगते. शिशाचा, साधारण माशाच्या आकाराचा तुकडा आणि त्याला गळ. बस. आमिष नाही, कोळंबी नाही, बांगड्याचा तुकडा नाही. हा तुकडा सरळ खाली सोडायचा आणि दोऱ्याला झटके देत वर-खाली नाचवायचा. जखमी मासा धडपडतोय असं खालच्या मोठ्या माशाला वाटतं आणि तो झडप घालतो. सगळी फसवणूक हालचालीत आहे. म्हणून वर हाताने दिलेला झटका खाली शिशापर्यंत पोचणं आणि खालची टोचणी वर बोटापर्यंत येणं, एवढ्यावरच हा खेळ चालतो. आणि या दोन टोकांच्या मध्ये असतो फक्त दोरा.

हा खेळ मुळात खेळ नव्हता, पोट होतं. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. १४९७ साली जॉन कॅबट त्या बाजूला जाऊन आला आणि तिथल्या समुद्रात टोपल्या बुडवून मासे काढता येतात अशी बातमी इंग्लंडात पोचली. ते मासे म्हणजे कॉड. पुढची चार-पाचशे वर्षं ते बेट कॉडवरच जगलं. लहान होड्यांतून जाणाऱ्या कोळ्यांकडे आमिष असेल तेव्हा ते आमिष लावत, नसेल तेव्हा जिगर वापरत. जिगर म्हणजे ओतीव शिशाचा मासा आणि त्यातून बाहेर आलेले दोन गळ. तागाचा किंवा सुताचा दोरा लाकडी चौकटीवर गुंडाळलेला असायचा. काठी नाही, रीळ नाही. थंडीत, ओल्या दोऱ्याला झटके देत दिवसभर उभं राहायचं.

आमचे कोकणातले एक मामा असेच गरवायचे. तंगूस एका लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं, आणि तर्जनीवरून पाण्यात सोडलेलं. त्या बोटावर दोऱ्याची एक कायमची खाच होती. मासा नुसता हुंगून गेला की खाल्लं, दगडाला अडकला की माशाने ओढलं, हे ते न बघता सांगायचे. पाच पैशांचं यंत्र नव्हतं त्यात. पुढे जे काही सांगणार आहे ते वाचताना ते बोट लक्षात ठेवा. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी अक्कल लढवून जे जे शोधलं, ते थोडक्यात काय, तर ते बोट काठीच्या टोकावर बसवण्याची धडपड आहे.

काठी आणि रीळ जिगकडे आले ते फार उशिरा आणि दुसऱ्याच घरातून. ते घर म्हणजे नदी-तळ्याकाठी हौसेने मासे पकडणारे लोक. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराचं ११९५ च्या सुमाराचं एक चित्र आहे. हिवाळी तळ्यावर एक माणूस छोट्या होडीत बसलाय आणि त्याच्या काठीला चक्क एक चाक आहे. रिळाचं हे सगळ्यात जुनं ज्ञात चित्र मानतात. युरोपात मात्र त्यानंतरही कित्येक शतकं रिळाशिवायच काम चाललं. आयझॅक वॉल्टनचं गळाने मासे पकडण्यावरचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं, आणि त्या काळचा इंग्रजी दोरा म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेला. आता केस तो केस, त्याची लांबी ती किती? तुकडे गाठी मारमारून जोडायचे. गाठीगाठीचा दोरा कड्यांतून सरकत नाही. म्हणून तो सरळ काठीच्या शेंड्यालाच बांधायचा. काठी लांब का? तर दोरा काठीहून फारसा लांब करता येत नाही म्हणून! बघा, दोऱ्याने काठी ठरवली.

मग रेशीम आलं. विणलेला, तेल पाजलेला रेशमी दोरा हवा तेवढा लांब मिळू लागला आणि सरकूही लागला. आता तो ठेवायला जागा हवी, म्हणून रीळ. समुद्रासाठी जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा पिळलेला दोरा. तो ओला झाला की उलट मजबूत व्हायचा, पण घरी येऊन धुऊन वाळवला नाही तर कुजायचा. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाकं घालून असं रीळ केलं की हँडलच्या एका फेऱ्यात आतली चकती अनेक फेरे घ्यायची. आज समुद्रात वापरतात त्या आडव्या, काठीच्या वर बसणाऱ्या रिळांचं कूळ थेट इथपर्यंत जातं.

पण आडव्या रिळात एक त्रास होता. दोरा फेकला की चकती फिरते, आणि दोरा थांबला तरी चकती फिरतच राहते. मग जो गुंता होतो तो सोडवताना संध्याकाळ होते. यावर उपाय शोधला तो कुणी? यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डच्या एका लोकर गिरणीच्या मालकाने. आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ त्याचं नाव, पेटंट १९०५ चं. गिरणीत त्याने रोज पाहिलं होतं की बॉबिन जागेवर उभं राहतं आणि सूत त्याच्या तोंडावरून अलगद सुटत जातं. फिरायची गरजच नाही. त्याने हीच युक्ती काठीला लावली. आजचं 'स्पिनिंग रील' ते हेच.

माझे बाबा मुंबईच्या एका गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते. बॉबिन भरणं आणि सुटणं हे शब्द आमच्या घरात जेवताना ऐकू यायचे. त्यामुळे हा भाग वाचताना मला फार गंमत वाटली. गिरणगावातल्या कुठल्याही कामगाराला ही कल्पना एका वाक्यात समजली असती. मराठीत आपण शिवणाच्या दोऱ्यालाही रीळ म्हणतो आणि मासेमारीच्या यंत्रालाही, ते उगीच नाही.

गंमत म्हणजे एवढी चांगली युक्ती असूनही ती घरोघरी पोचली नाही. कारण पुन्हा दोरा. रेशमी दोरा बारीक घ्यावा तर कमजोर आणि महाग, जाड घ्यावा तर बॉबिनवरून नीट सुटेना. यंत्र तयार होतं, पण त्याच्या लायकीचा दोरा जन्माला यायचा होता.

तो जन्मला २८ फेब्रुवारी १९३५ ला, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत, वॅलेस कॅरदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. नायलॉन! १९३८ च्या ऑक्टोबरात कंपनीने जगाला ते जाहीर केलं, पण कॅरदर्स तेव्हा नव्हता. नैराश्याशी झगडत त्याने एप्रिल १९३७ मध्ये आयुष्य संपवलं होतं. नायलॉनचे मोजे घेण्यासाठी १९४० साली अमेरिकेत बायकांच्या रांगा लागल्या, युद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, आणि युद्ध संपल्यावर एकेरी, पारदर्शक, न कुजणारा, स्वस्त दोरा सगळीकडे पसरला. आपलं तंगूस ते हेच.

आणि मग इलिंगवर्थच्या युक्तीचं नशीब फळफळलं. फ्रान्समधल्या क्लूज गावी कार्पानो आणि पाँ हे घड्याळाचे भाग करणारे लोक. त्यांनी युद्धानंतर 'मिचेल' नावाने स्पिनिंग रिळं काढली आणि ती जगभर गेली. स्वीडनची 'आबू' हीसुद्धा मूळची घड्याळाची कंपनी, तिने १९५२ साली 'अँबॅसेडर' हे आडवं रीळ आणलं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावात तर तेलविहिरींसाठी टाइम बाँब करणाऱ्या कंपनीने १९४९ साली झाकणबंद रीळ बाजारात आणलं. ती कल्पना घेऊन येणाऱ्या आर. डी. हलने एका किराणा दुकानात पुडी बांधायचा दोरा मोठ्या स्थिर रिळावरून ओढलेला पाहिला होता म्हणे, आणि हा गृहस्थही घड्याळांत रमणारा!

असो. काठीचं काय? काठीसाठी आधी बांबू चिरून त्याच्या सहा पट्ट्या एकत्र चिकटवायचे. त्यासाठी अमेरिकेत आणि इंग्लंडात जो बांबू जायचा त्याला व्यापारात 'कलकत्ता केन' म्हणत, कारण तो आपल्या बंगालकडून यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा दक्षिण चीनमधल्या 'टाँकिन' बांबूने घेतली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि तोही मिळेना. पण तोपर्यंत काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या आल्याच होत्या. पुढे १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत मजबूत कार्बनतंतू तयार झाले आणि १९७३ साली अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने त्याची काठी विकायला काढली. हलकी, ताठ, आणि बारीकशी थरथरही हातापर्यंत आणणारी. मामांचं बोट हळूहळू जवळ येत होतं.

आता परत जिगकडे. काठी झाली, रीळ झालं, नायलॉन झालं, मग खोल समुद्रात लगेच सगळे जिगिंग करू लागले का? नाही. कारण नायलॉन ताणतं. तुटेपर्यंत ते स्वतःच्या लांबीच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकं वाढू शकतं. दहा मीटरवर हे खपून जातं. ऐंशी-शंभर मीटरवर तुम्ही वर जिवाच्या आकांताने झटका देता आणि तो झटका दोरा ताणण्यातच संपतो. खाली शिसं जेमतेम मान हलवतं. शिवाय खोलवर जायचं तर दोरा जाड हवा, जाड दोऱ्याला प्रवाह ढकलतो, तो कमानीसारखा वाकतो, मग शिसं आणखी जड हवं. एकात एक अडकलेली ही साखळी.

ती तोडली हॉलंडमधल्या डीएसएम कंपनीने. पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ साली पॉलिएथिलीन विरघळवून त्याच्या जेलमधून धागा ओढायची रीत शोधली. पॉलिएथिलीन म्हणजे आपल्या भाजीच्या प्लास्टिक पिशवीचा पदार्थ! फक्त इथे त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब आणि ओढून एका दिशेने सरळ केलेल्या. १९९० पासून हीरलेन गावी 'डायनीमा' या नावाने त्याचं उत्पादन सुरू झालं. वजनाच्या हिशेबाने पोलादाहून कितीतरी मजबूत, पाण्यावर तरंगणारा, आणि ताण जेमतेम तीन-चार टक्के. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त ओढ सोसणारा.

आणि मग काय! १९९० च्या दशकात जपानमध्ये जिगिंगला अक्षरशः नवा जन्म मिळाला. लांब, सुरीसारखे जिग, आखूड काठ्या, अरुंद पण ताकदवान रिळं. जपानी लोक या विणलेल्या दोऱ्याला 'पीई' म्हणतात आणि त्याची जाडी क्रमांकाने सांगतात, पीई १, पीई २ असं. दर दहा मीटरला रंग बदलणारा दोरा मिळतो, म्हणजे किती खोल गेलो ते रंग मोजून कळतं. पूर्वी गलबतावरचे खलाशी खोली मोजायच्या दोरीला ठरावीक अंतरावर खुणा बांधत, तोच प्रकार.

म्हणजे केसाने लांब काठी दिली, रेशमाने रीळ दिलं, नायलॉनने स्पिनिंग रीळ घरोघरी नेलं आणि डायनीमाने जिगिंग खोल पाण्यात नेलं. प्रत्येक वेळी आधी दोरा बदलला आणि बाकीचे त्याच्या मागून आले.

तेव्हा भाचेबुवा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: किती खोल? महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. मुंबईसमोर ही खंडाची पायरी तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरली आहे. लहान बोटीने जाऊन दिवसात परत यायचं तर तुला मिळणार वीस-तीस मीटर पाणी. अंदमानला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ झपकन खोल जातो, तिथल्या लोकांचे फोटो पाहून सामान घेऊ नकोस. साधा हिशेब असा की जितके मीटर पाणी तितके ग्रॅम जिग, ओढ जोरात असेल तर दुप्पट. म्हणजे तुझं काम वीस ते साठ ग्रॅममध्ये भागेल.

त्यावरून दोरा. पीई १ ते २ पुरे. पुढचे काही मीटर फ्लोरोकार्बनचे, कारण विणलेला दोरा खडकावर घासला की लगेच उसवतो. हा फ्लोरोकार्बन दोरा जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली पहिल्यांदा काढला. रिळावर सगळ्यात आत थोडं साधं नायलॉन गुंडाळ, नाहीतर गुळगुळीत पीई अख्खाच्या अख्खा गरगर फिरतो. आणि एक, पीई हाताला कधीही गुंडाळून ओढायचा नाही. मामांच्या बोटावर तंगूसाची खाच पडली, हा दोरा बोट कापेल.

दोऱ्यावरून रीळ. एवढ्या बारीक दोऱ्याला तीन ते चार हजार आकाराचं स्पिनिंग रीळ पुष्कळ. पैसे घालायचे ते ब्रेकवर, म्हणजे ज्याला ड्रॅग म्हणतात त्यावर. नायलॉन ताणून माशाचा पहिला हिसका पचवायचं, पीई पचवत नाही. ते काम आता ब्रेकने करायचं असतं. तो अडखळत सुटला तर दोरा तुटला म्हणून समज. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तो लावून ठेवायचा.

आणि सगळ्यात शेवटी काठी. सहा-साडेसहा फूट, तुझ्या जिगचं वजन जिच्यावर छापलेलं आहे अशी. इथे लांब फेकायचं नसतं, मासा बोटीच्या खालीच असतो. लांब काठी म्हणजे माशाच्या हातात तरफ आणि तुझ्या कंबरेला दुखणं.

एवढं झालं तरी एक गोष्ट राहते, आणि खरं सांगायचं तर मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळे. न्यूफाउंडलंडच्या त्या कोळ्यांच्या जिगरने कॉड संपला नाही. हाताच्या ताकदीला, थंडीला, दोऱ्याच्या कुजण्याला मर्यादा होती. १९५० च्या दशकापासून मोठमोठी यांत्रिक जहाजं आली. १९६८ साली तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांच्या आसपास पोचली. आणि जुलै १९९२ मध्ये कॅनडा सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम एका घोषणेने गेलं. त्यात हाताने जिगर नाचवणारे लोकही होते, ज्यांचा दोष सगळ्यात कमी होता. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडावं लागलं, आणि कॉड अजूनही पूर्वीसारखा नाही.

एका माणसाच्या एका काठीने समुद्र रिकामा होत नाही, हे मान्य. पण मजबुतीचा हिशेब एका दोऱ्यालाही लागू आहे. खोलवरून गोबरा किंवा तांबोशी भराभर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. मग 'फोटो काढून सोडून दिला' असं म्हटलं तरी तो खाली जाऊ शकेलच असं नाही. घोड्याचा केस आणि रेशीम तुटलं तर कुजून जायचं. नायलॉन आणि पीई खडकात अडकून तुटले तर तिथेच राहतात आणि कुणी हातात धरलेलं नसतानाही मासे अडकवत राहतात. पूर्वीचा दोरा दुबळा होता, म्हणून कधी थांबायचं ते तोच ठरवायचा. आताचा दोरा थांबत नाही, म्हणून ते ठरवणं हातावर आलं.

म्हणून दुकानात दोरा घेताना सगळ्यात मजबूत कुठला हे विचारू नये. समोरच्या पाण्याला पुरेल एवढाच घ्यावा, आणि तुटलेला तुकडा पाण्यात न टाकता खिशात घालून घरी आणावा.